चार बाय आठची न्हाणी

नरकचतुर्दशीची पहाट होती. दर्यापूरच्या माझ्या माहेरी मागच्या वाडीत तांब्याचा बंब पेटला होता, खाली पऱ्हाट्या तडतडत होत्या. भाच्यांची अभ्यंगस्नानं झाली, वहिनीची झाली. सगळ्यांना तेल-उटणं लावून झाल्यावर शेवटी आई न्हाणीत गेली. तोवर चार जणांच्या अंगावरून ओघळलेलं तेल शहाबादी फरशीवर पसरलं होतं. साठ वर्षं पाणी पडून ती फरशी आधीच गुळगुळीत झालेली. घंगाळं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा.

न्हाणीचं दार आत उघडणारं. आई नेमकी दाराला टेकून पडली होती, त्यामुळं दार ढकललं की तिलाच लागायचं. शेवटी भाऊ छपरावर चढला, एक टिनपत्रा सरकवला आणि वरून आत उतरला. आईच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. ही तीन वर्षांपूर्वीची दिवाळी.

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्या काळात मी अमरावतीहून दर आठवड्याला जात होते आणि ते घर जणू पहिल्यांदाच पाहत होते. पुढच्या खोलीला दोनदा रंग झाला होता, बैठकीत नवी फरशी आली होती, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा होता. न्हाणी मात्र आजोबांनी बांधली तशीच. जुन्या घरात पैसा पुढून मागं सरकत येतो आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचायच्या आत संपतो. घरातलं सगळ्यात अशक्त माणूस दिवसातून चार वेळा ज्या जागी एकटं असतं, दार लावून असतं, ती जागा आम्ही सगळ्यांत शेवटी ठेवली होती.

तेव्हा ठरवलं, न्हाणी नव्यानं करायची. वाटलं, पंधरा दिवसांचं काम. प्रत्यक्षात अडीच महिने लागले. या अडीच महिन्यांत मी जे पाहिलं, विचारलं आणि शिकले, ते इथं मांडते आहे. वऱ्हाडातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात अशी एक न्हाणी आहे आणि तिच्या दाराशी म्हातारं होत चाललेलं कुणीतरी आहे.

पाणी कुठून येतं

मी अमरावतीहून टाइल्सची चित्रं घेऊन गेले होते. मिस्त्रींनी ती पाहिलीच नाहीत. साठीचा माणूस, दर्यापूर-बनोशात आणि आसपासच्या खेड्यांत चाळीस वर्षं बांधकाम केलेला. ते न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले, भिंतीवर बोट घासलं आणि बोटाला लागलेली पांढरी भुकटी मला दाखवली.

"ताई, टाइल लावाले दोन दिवस लागतेत. पन पानी कुठून येते आन् कुठं जाते, थे पाह्यल्याबिगर मी हात नाई लावत."

दर्यापुरात हा प्रश्न साधा नाही. सातपुड्यात उगम पावून चांगदेवला तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर त्याच्या पोटात आहे. जमिनीखालचं पाणी खारट. आमच्या आजीच्या पिढीनं पिण्याचं पाणी लांबून हंड्या-गुंडांतून आणलं आणि घरच्या विहिरीचं पाणी फक्त वापरायला ठेवलं. आज शहानूर धरणाचं पाणी नळानं येतं, पण ते रोज येत नाही. म्हणून वाडीत बोअर, आणि बोअरला तेच खारं पाणी.

पाण्यातले क्षार मोजायचा खिशातला मीटर मी एका शिक्षक मैत्रिणीकडून आणला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. आमच्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवला तेव्हा आकडा दोन हजारांच्या पुढं गेला. त्या पाण्यानं आई रोज अंघोळ करत होती, त्यानंच फरशी धुतली जात होती आणि तेच भिंतीत चढत होतं.

भिंतीतला खार कसा चढतो, हे मिस्त्रींनी एका विटेवर दाखवलं. कोरडी वीट त्यांनी परातभर बोअरच्या पाण्यात उभी ठेवली. तासाभरात ओल अर्ध्या विटेपर्यंत चढली. दोन दिवसांनी वीट वाळली तेव्हा ओल जिथं थांबली होती तिथं पांढरी मिशी फुटली होती. भिंतीतही हेच चालतं. वीट जमिनीतलं पाणी वर ओढते, पाणी वाऱ्यावर उडून जातं, मीठ मागं राहतं. मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून गिलाव्याला ढकलतात. गिलावा फुगतो आणि पापुद्र्यांनी गळून पडतो. आपण वरून पुन्हा सिमेंट थापतो, त्यावर रंग देतो, आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. तिथं टाइल लावली तर खार टाइलच्या वरच्या कडेला निघतो, कारण ओलीला बाहेर पडायला तेवढीच वाट उरते.

म्हणून पहिले दहा दिवस आमच्या न्हाणीत काही बांधलं गेलं नाही. तीन फुटांपर्यंतचा जुना गिलावा टिकासानं उतरवला. उघड्या विटांवरचा खार कोरड्या ब्रशनं रोज झाडला. मिस्त्रींनी पाणी मारू दिलं नाही. पाणी मारलं की मीठ विरघळून परत आत जातं. चैत्रातलं ऊन आणि वारा यांनी भिंत सुकू दिली. बाहेरच्या अंगाला सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा केला, म्हणजे भिंतीला श्वास घेता येईल. आतून टाइलच्या मागं पाणी अडवणारा थर दिला.

आणि एक नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. सिमेंट कालवायला आणि त्यावर मारायला बोअरचं पाणी वापरायचं नाही. "खाऱ्या पान्यानं सिमेंट कालवलं का सळाख खाते, ताई. वरून काई दिसत नाई. दहा वर्सानं स्लॅब पडते." मी घरी येऊन बांधकामाचं मानक उघडलं. आयएस ४५६ मध्ये हेच लिहिलेलं आहे: सळाख असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, सळाख नसेल तर २,००० पर्यंत चालेल. मिस्त्रींनी हे मानक कधी वाचलेलं नाही. त्यांनी पडलेले स्लॅब उचलले आहेत. नळ येईल त्या दिवशी आम्ही दोन ड्रम भरून बाजूला ठेवायचो आणि ते संपले की काम थांबायचं.

खालची काळी

फरशी उचकटली तेव्हा खालून काळी माती निघाली. कापसाची काळी. वऱ्हाडाला श्रीमंत करणारी ही माती घर बांधणाऱ्याची मोठी परीक्षा पाहते. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतातल्या भेगा आपल्याला दिसतात. घराखालच्या दिसत नाहीत. तिच्यावर बसवलेली फरशी दरवर्षी केसभर वर जाते आणि केसभर खाली येते. सांधे उघडतात आणि पाणी आत मुरतं. ज्या घरांत जमिनीखाली जुने लोखंडी पाइप आहेत, तिथं तेही सांध्यांत तुटतात आणि कुठं तुटले ते वर्षानुवर्षं कळत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा थर फार खोल आहे. इतरत्र चार-सहा फुटांवर मुरूम लागतो, इथं लागत नाही. म्हणून मुरूम बाहेरून आणावा लागतो. आम्ही अडीच फूट काळी काढली. दोन रेजांनी ती घमेल्यांनी मागच्या दारानं बाहेर नेली. तिच्या जागी मुरूम भरून थरावर थर ठोकला, वर गिट्टीचं काँक्रीट टाकलं. शेजारच्या एका काकूंनी विचारलं, "एवढं खोल काऊन खोदून राह्यले? न्हानी करता का विहीर?" मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. आज त्या फरशीवरून दोन पावसाळे गेले आहेत आणि टाइलच्या एकाही सांध्यात चीर नाही.

काळी मातीच आणखी एक गोष्ट ठरवते: न्हाणीशेजारच्या संडासाचं पाणी कुठं सोडायचं. मैलापाण्यासाठी दोन शोषखड्ड्यांचं शौचालय ही आपल्या देशात रुजलेली चांगली पद्धत आहे. स्वस्त असते आणि एक खड्डा भरला की दुसरा वापरता येतो. पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं. पण खड्ड्यातलं पाणी जमिनीत मुरायला हवं. भर पावसाळ्यातली काळी पाणी आत घेतच नाही. खड्डे तुडुंब भरतात आणि वापर बंद पडतो. मोकळी जागा असेल तर खड्ड्याभोवती रेतीचा जाड थर देऊन काही प्रमाणात मार्ग काढता येतो. आमच्या वाडीत तेवढी जागा नव्हती. सेप्टिक टाकीच करावी लागणार होती. ती कुठं करायची, हे पाहायला मिस्त्री मागच्या बोळात गेले.

बोळातलं भोक

न्हाणीला लागून जुना संडास होता आणि त्याची मागची भिंत बोळात. त्या भिंतीचा गिलावा उतरवताना जमिनीपासून वीतभर उंचीवर एक चौकोन दिसला. सव्वा फूट रुंद, फूटभर उंच. आजूबाजूच्या विटा मातीत बसवलेल्या, चौकोनातल्या मात्र सिमेंटमध्ये. कुणीतरी, केव्हातरी तो बुजवला होता. कडेला लोखंडी झडपेची गंजलेली बिजागरी अजून होती.

मला कळायला वेळ लागला. आईला लागला नाही. ती काठी टेकत बोळात आली, त्या चौकोनाकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "इथून टोपली काढत होती ती."

आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा टोपलीचा संडास होता. गावातल्या जुन्या वस्तीत घरांच्या मागं हे बोळ मुद्दाम ठेवलेले असत. पुढच्या रस्त्यानं पाहुणे येत, मागच्या बोळानं मैला उचलणाऱ्या बाया. आई सांगत होती की ती बाई पहाटे यायची. आईनं तिचा चेहरा नीट कधी पाहिला नाही, कारण झडप बाहेरून उघडायची. सणाला तिला वरून पोळी टाकली जायची. "हातात नाई देली कधी," आई म्हणाली. "मी नवी होती. पन मोठी झाल्यावर बी नाई देली." ती बराच वेळ तिथंच उभी होती.

हे सगळं संत गाडगेबाबांच्या मुलखात चाललं होतं. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजीचं, म्हणजे गाडगेबाबांचं, शेंडगाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे, आमच्या घरापासून फार लांब नाही. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला त्यांनी घाट आणि धर्मशाळा उभ्या केल्या. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. गावात पाऊल ठेवलं की ते आधी झाडू हातात घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावानं राज्यात २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यांच्या झाडूत एक सरळ मागणी होती: आपली घाण आपण काढायची, दुसऱ्याच्या हातावर टाकायची नाही. तिकडं कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात शौचालयाचे प्रयोग केले, तेही याच मागणीपोटी. मैला हातानं उचलायची वेळ कुणावर येऊ नये, हे उपदेशानं साधत नाही. तशी बांधणी करावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

हातानं मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये आला, मग २०१३ मध्ये आणखी कडक आला. संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणं आज गुन्हा आहे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेनसारखे वायू साठतात आणि दोन श्वासांत माणूस कोसळतो. तरीही माणसं उतरतात आणि मरतात. का उतरतात, हे मी टाकी उपसणाऱ्या गाडीच्या चालकाला विचारलं. त्यानं दिलेलं उत्तर कुठलाही अहवाल वाचण्याआधी प्रत्येक घरमालकानं ऐकायला हवं. "ताई, झाकन न्हानीच्या टाइलखाली गाडलेलं असते. नाईतर जिन्याखाली. पाइप पोचत नाई. मग मालक म्हनते, एकजन उतरून पाहा ना." म्हणजे टाकीत उतरणाऱ्या माणसाचा जीव पुष्कळदा नकाशा काढतानाच ठरतो.

आमची टाकी दोन कप्प्यांची झाली, वाडीच्या कोपऱ्यात, बोळाला लागून. दोन्ही कप्प्यांची झाकणं उघड्यावर, वायू जायला उंच पाइप, आणि बोळात गाडी उभी राहिली की तिचा पाइप सरळ पोचेल अशी.

भिंत काढल्यावर मिळालेली जागा

जुनी न्हाणी चार फूट बाय सव्वाचार. शेजारचा संडास चार बाय तीन, दार वाडीतून. मध्ये नऊ इंची भिंत. राष्ट्रीय इमारत संहितेत स्नानगृह आणि शौचालय एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर क्षेत्र आणि १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. म्हणजे साधारण तीस चौरस फूट, चार फूट रुंद. मिस्त्रींनी भिंतीवर कोळशानं बेरीज केली: सव्वाचार, पाऊण, तीन. आठ फूट. चार बाय आठ म्हणजे बत्तीस चौरस फूट. आम्हाला नवी जागा नकोच होती. ती त्या भिंतीत अडकून पडली होती. भिंतीवर छपराचा भार नाही, हे पाहूनच त्यांनी पहिला घाव घातला.

आईला हे रुचलं नव्हतं. न्हाऊन सोवळ्यानं देवाजवळ जायचं आणि त्याच चार भिंतींत संडास? तिच्या मनाची ही अडचण आम्ही हसण्यावारी नेली नाही. पण पावसाळ्यातल्या रात्री वाडीतून चिखल तुडवत जाणं तिलाच आता झेपत नव्हतं. एका सकाळी तीच म्हणाली, "एकत्र करा. पन न्हायाची जागा वेगळी दिसू द्या." म्हणून न्हाण्याचा भाग एका कोपऱ्यात पाऊण इंच खाली घेतला आणि मध्ये अर्ध्या उंचीची काच लावली. ती सोवळंही सांभाळते आणि पाणीही अडवते.

कमोड कुठं बसवायचं यावर दोन दिवस चर्चा झाली. बोळाकडच्या टोकाला बसवलं असतं तर पाइप आखूड झाला असता, खर्च वाचला असता. पण मग रात्री आईला ओल्या न्हाणीतून पलीकडं जावं लागलं असतं. मिस्त्री म्हणाले, "पाइप लंबा करू. मायले लंबं नाई चालवत." दाराशी बेसिन, मग कमोड, शेवटी न्हाणं. कोरडं आधी, ओलं शेवटी. कमोडचा चार इंची पाइप न्हाणीखालून सहा फूट नेला आणि त्या सहा फुटांत त्याला दोन इंचांचा उतार दिला.

न्हाणीच्या फरशीला चार फुटांत पाऊण इंच उतार. पाणसळ लावून, पाणी ओतून, पुन्हा ओतून तो तपासला. पूर्वी मोरीला भिंतीत नुसतं भोक होतं. रात्री आई त्यात चिंधी कोंबायची, उंदीर आणि झुरळं येऊ नयेत म्हणून. आता तिथं न्हाणी ट्रॅप बसला, ज्यात पन्नास मिलिमीटर पाणी कायम थांबून वास आणि किडे अडवतं. प्लंबर मूळचा राजस्थानचा. तोही त्याला न्हाणीच म्हणतो. आपला हा शब्द भारतभरच्या नळकामात रूढ आहे.

बाकी गोष्टी छोट्या, पण एकही सोडली नाही. दार बाहेर उघडणारं, कडी बाहेरूनही काढता येईल अशी. उंबरा नाही. फूटभराच्या खरबरीत टाइल्स. सांधे जास्त, म्हणून पायाला पकड जास्त. फरशीचा रंग गडद, कारण मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड दिसत नाही. कमोडची बैठक अठरा इंचांवर. आधाराचे दांडे मातीत बसवलेल्या विटांत टिकत नाहीत, म्हणून दांड्यांच्या जागी भिंतीत काँक्रीटचे ठोकळे ओतून मगच ते घट्ट केले. जुन्या घराला अर्थिंग नव्हतं. ते करून घेतलं आणि गिझरच्या वायरीवर तीस मिलिअँपिअरला वीज तोडणारं यंत्र बसवलं. दोन पाइपलाइन: बोअरचं पाणी फ्लशला आणि धुण्याला, नळाचं गिझरला आणि अंघोळीला. खर्चातला निम्म्याहून अधिक पैसा आज दिसत नाही. तो मुरमात, उतारात आणि भिंतीच्या आत आहे. मी आणलेल्या चित्रांतली टाइल शेवटच्या चार दिवसांत लागली.

पुन्हा दिवाळी

मृगाच्या आधी काम संपलं. बोळातल्या त्या चौकोनाचं काय करायचं, हे मिस्त्रींनी आईला विचारलं. नुसता बुजवून वर गिलावा करता आला असता. आई म्हणाली, पाइप तिथूनच काढा. त्या चौकोनातल्या सिमेंटमधल्या विटा फोडल्या आणि टाकीकडं जाणारा पाइप तिथूनच बाहेर नेला. जिथं एका बाईचे हात आत येत होते, तिथून आता फक्त पाइप जातो. बिजागरी आईनं काढू दिली नाही. नातवंडं विचारतील तेव्हा सांगता यावं म्हणून ती तशीच भिंतीत आहे.

गेल्या दिवाळीत बंब पुन्हा वाडीत पेटला. गिझर असला तरी नरकचतुर्दशीला आईला बंबाचंच पाणी लागतं. या वेळी पहिलं अभ्यंगस्नान तिचं झालं. वहिनीनं तिला तेल लावलं, उटणं लावलं, गरम पाण्याची बादली आत ठेवली आणि बाहेर आली. आईनं दार ओढून घेतलं. आम्ही सगळ्या बाहेर उभ्या होतो, कान देऊन. आतून तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज येत राहिला, संथ, एकसारखा. मग दांडा धरून ती उभी राहिली असावी. थोड्या वेळानं दार बाहेर उघडलं आणि ती कोरड्या फरशीवर पाय ठेवत, कुणाचाही हात न धरता, देवाकडं गेली.

दुपारी तिनं बोळातून जाणाऱ्या सफाई कामगार बाईंना हाक मारून पुढच्या दारानं आत बोलावलं, आणि फराळाचं ताट त्यांच्या हातात दिलं.